शिवी, समाज आणि आपण

(वर्षावासानिमित्त विहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय फलकावर लिहिलेला पाहून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. एका ज्येष्ठ उपासकांनी तर आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "गुरुजी, विहारात शिव्यांवर भाषण? विषय संपले काय?" विषय संपलेले नाहीत. पण एका प्रसंगाने हा विषय आमच्या मानेवर येऊन बसला आहे, आणि तो येथे उतरवल्याशिवाय आम्हाला दुसरे काही बोलता येणार नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच तालुक्यातील एका तरुणाला बसस्टँडजवळच्या हॉटेलात चार माणसांदेखत जातीवरून शिवी देण्यात आली. गावाचे आणि माणसाचे नाव घेण्याचे कारण नाही. आम्ही पाच-सहाजण त्याच्याबरोबर ठाण्यात गेलो. फिर्याद लिहून होईपर्यंत दिवस मावळला. आम्ही सगळे त्याच्या अंगणात येऊन बसलो. पोरगा दिवसभर उपाशी, डोके तापलेले. जेवणाला थोडा उशीर झाला म्हणून त्याने आमच्यासमोर बायकोला तिच्या आईवरून शिवी दिली. ती बाई भाकरीचे टोपले खाली ठेवून आमच्याकडे वळली आणि म्हणाली, "काका, यांला शिवी दिली तर तुम्ही सगळे ठाण्यात गेलात. मला दिली ती कुठं नोंदवायची?"

आम्ही काय उत्तर दिले असेल? आम्ही म्हणालो, "घरातलं हाय बाई, सोडून दे." एवढी वर्षे शाळेत शिकवले, एवढी वर्षे पंचशील दिले, आणि ऐनवेळी तोंडातून हे निघाले. त्या दिवसापासून आम्ही शिवी या गोष्टीचा विचार करीत आहोत. तोच आज आपल्यापुढे मांडतो.

पहिला प्रश्न असा की, शिवी म्हणजे काय हे ठरवतो कोण? आमच्या लहानपणी शाळेत एखाद्या पोराने शरीराच्या अवयवाचे नाव घेतले की हातावर छडी बसायची. तो घाण शब्द. पण आमच्या जातीचे नाव घेऊन कोणी हाक मारली तर ती शिवी नव्हती, ते 'नाव' होते! गुरुजींनाही त्यात काही वावगे वाटत नसे. म्हणजे जो शब्द ऐकून ऐकणाऱ्या सभ्य माणसाला लाज वाटते ती शिवी. आणि जो शब्द ऐकून ज्याला म्हटले तो माणूस आतून जळतो, तो मात्र चारचौघातला साधा शब्द. आपल्या समाजाची शिवीची व्याख्या पुष्कळ काळ अशीच होती, आणि ती अजून पूर्ण गेली आहे असे आम्हाला वाटत नाही.

आमच्या वडिलांचे नाव कचरू. आता कचरू, धोंडू, उकिर्डा ही नावे केवळ आपल्याच लोकांत होती असे नाही. ज्या घरात मुले जगत नसत, त्या घरात मृत्यूची नजर चुकावी म्हणून आईबापच असे नाव ठेवीत. हे सर्व जातींत चाले. म्हणून नावाला दोष देऊन भागत नाही. पण वाड्यावरचा दहा वर्षांचा पोरगा आमच्या पन्नाशीच्या वडिलांना "ए कचऱ्या" म्हणून हाक मारी आणि वडील "जी मालक" म्हणून उठत. त्या एका 'या'मध्ये जे होते ते कोणत्याही अर्वाच्य शब्दात नव्हते. रामाचा राम्या, लक्ष्मणाचा लक्ष्म्या. मित्र मित्राला असे म्हणतो तेव्हा त्यात माया असते, आणि वाड्यावरून तोच प्रत्यय आला की त्यात पायाची जागा दाखवलेली असते. शूद्राचे नाव तुच्छतादर्शक असावे असे मनुस्मृतीने दुसऱ्या अध्यायात सांगून ठेवलेच आहे. गावाने त्यासाठी ग्रंथ उघडून पाहिला नाही, जिभेनेच ते काम केले.

१९५६ च्या धर्मांतरानंतर आपल्या वस्त्यांत काय काय बदलले याचा हिशेब करताना आपण मूर्ती, सण, लग्नविधी यांची मोजदाद करतो. जिभेवरचा बदल मात्र मोजत नाही. 'जोहार' गेला आणि 'जयभीम' आला. जोहार घालणारा वाकून घालतो, जयभीम उभ्याने म्हणतात आणि समोरचाही जयभीमच म्हणतो. मुलांची नावे सिद्धार्थ, गौतम, मिलिंद, सुजाता, यशोधरा झाली. सिद्धार्थचा 'सिद्ध्या' करता येतो, नाही असे नाही. पण त्याला पूर्ण नाव उच्चारूनच मग मोडावे लागते! वस्त्यांची जातिवाचक नावे काढून टाकण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तो डिसेंबर २०२० मध्ये. म्हणजे माणसांची नावे बदलल्यानंतर जागांची नावे बदलायला चौसष्ट वर्षे लागली, आणि काही गावांत कागदावर समतानगर असूनही तोंडात जुनेच नाव आहे.

शब्द गोड असला म्हणजे अपमान होत नाही असेही नाही. १९३८ साली मुंबई विधिमंडळात अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रश्न आला, तेव्हा बाबासाहेबांनी आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभासदांनी विरोध करून सभात्याग केला. शब्दाचा अर्थ पाहिला तर देवाची माणसे. पण ते नाव ज्यांना दिले जात होते त्यांना विचारून दिलेले नव्हते. देणाऱ्याला वाटले आपण मान दिला, घेणाऱ्याला ती दया वाटली.

आता आपल्याच भागातील एक गोष्ट. १९७२ साली परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे दलित स्त्रियांची विटंबना झाली. आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, म्हणजे तेव्हा तो आपलाच जिल्हा. त्याच वर्षी स्वातंत्र्याची पंचवीस वर्षे साजरी होत होती. 'साधना' साप्ताहिकाच्या १५ ऑगस्टच्या विशेषांकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला किती दंड आणि दलित स्त्रीच्या लुगड्याला हात घातला तर किती दंड, असा हिशेब त्यांनी मांडला, आणि संतापाने अत्यंत कडक, शिवराळ म्हणावे असे शब्द वापरले. झाले! महाराष्ट्रात वादळ उठले. दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषींनीही त्या भाषेला आक्षेप घेतला. राष्ट्रध्वजाविषयीचे ते शब्द आम्ही स्वतः वापरले नसते, हे येथे सांगून टाकतो. पण प्रश्न वेगळा आहे. ब्राह्मणगावच्या बायांवर जे गुदरले त्याने जेवढी माणसे पेटून उठली, त्यापेक्षा जास्त माणसे लेखातल्या शब्दांनी पेटली. बाईच्या अब्रूची बातमी लोकांनी वाचून घडी घातली, आणि शब्दाने मात्र झोप उडाली.

त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्यातले कित्येक शब्द पांढरपेशा वाचकाला ठाऊक नव्हते, आणि जे ठाऊक होते ते छापलेले पाहून तो दचकला. पुढे आपल्या लेखकांनी आणखी एक धाडस केले. समाजाने जी शिवी त्यांना दिली तीच त्यांनी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घातली. बारा माशांचा तोळा. अकरा माशांचा तो अपुरा, खोटा. अशा जन्माला गाव 'अक्करमाशी' म्हणे. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली आपल्या आत्मकथनाला तेच नाव दिले. लक्ष्मण गायकवाड यांनी 'उचल्या' लिहिले. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्या जन्मावरच चोरीचा शिक्का मारला, त्यांना गाव ज्या शब्दाने हिणवत होते तो शब्द पुस्तकाचे नाव झाला आणि त्या पुस्तकाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिवी ज्याच्यावर फेकली त्याने ती उचलून स्वतःच्या हातात घेतली की फेकणाऱ्याची पंचाईत होते. मात्र विद्यार्थी मित्रांनी एक लक्षात ठेवावे. हे त्या लेखकाने स्वतःविषयी करायचे असते. दुसऱ्याने तोच शब्द उचलून "पुस्तकात आहे की" म्हणून आपल्याला मारायचा नसतो.

भगवंतांच्या शिकवणीत या विषयाला काही जागा आहे काय, असे कोणी विचारील. पुष्कळ आहे. सम्यक वाचा आपण रोज म्हणतो. खोटे बोलणे, चहाडी, कठोर वचन आणि वायफळ बडबड या चार गोष्टी टाळणे म्हणजे सम्यक वाचा. यातली तिसरी, 'फरुसा वाचा', हा आजचा विषय. याविषयी अक्कोसक भारद्वाजाची गोष्ट सर्वांना माहीत आहे. तो ब्राह्मण भगवंतांना शिव्या द्यायला आला. भगवंतांनी विचारले, तुझ्याकडे पाहुणे येतात, तू त्यांना वाढतोस, त्यांनी नाही घेतले तर ते अन्न कोणाचे? तो म्हणाला, माझेच. मग या शिव्याही मी घेत नाही, त्या तुझ्याच.

ही गोष्ट थोर आहे. पण ती कोणाला सांगितली जाते ते पाहा. ज्याला शिवी बसली त्यालाच नेहमी सांगितली जाते: तू घेऊ नको, तुझ्या अंगाला लागत नाही. आम्ही स्वतः त्या बाईला जे सांगितले ते याच चालीचे होते. भगवंत मात्र शिवी देणाऱ्याशी बोलत होते, हे आपण सोयीने विसरतो.

शिवी देणाऱ्यासाठी विनयपिटकात स्पष्ट नियम आहे. भिक्षूंच्या पाचित्तिय नियमांपैकी दुसराच नियम अपमानकारक वचनाचा. माणसाला कशाकशावरून हिणवतात याचे दहा प्रकार तेथे सांगितले आहेत, आणि त्यात पहिला प्रकार कोणता? जात! त्यानंतर नाव, गोत्र, धंदा, कसब, आजार, शरीराचे रूप, मनाचे विकार, घडलेला दोष आणि शेवटी नुसती शिवी, म्हणजे उंट, मेंढा, बैल, गाढव असे म्हणणे. चांडाळ, निषाद, पुक्कुस म्हणून हिणवणे हा अपराध आहे असे अडीच हजार वर्षांच्या परंपरेचा ग्रंथ सांगतो. त्याहून बारीक गोष्ट पुढे आहे. शब्द वरच्या जातीचा असला तरी हिणवण्याच्या हेतूने वापरला तर तो अपराधच. आणि द्वेष मनात नसता नुसत्या थट्टेत बोलला तरी तो दोषातून पूर्ण सुटत नाही, हलका का होईना दोष लागतोच. "अरे, गमतीत म्हटलं" हे उत्तर विनयाने केव्हाच ऐकून ठेवलेले दिसते.

हा नियम सांगताना नंदिविसाल बैलाची गोष्ट येते. जातकातही ती अठ्ठाविसावी आहे. तक्षशिलेच्या एका ब्राह्मणाचा हा बैल. आपल्याला वाढवले त्याचे पांग फेडावे म्हणून बैलच मालकाला म्हणाला, शंभर गाड्या एकाला एक बांधून मी ओढीन, तू हजाराची पैज लाव. पैज लागली. मालक जुवावर बसला आणि जोर यावा म्हणून ओरडला, ओढ रे लबाडा! बैल खांबासारखा उभा राहिला. हजार गेले. घरी मालक तोंड पाडून पडला तेव्हा बैलाने विचारले, इतक्या वर्षांत मी कधी मडके फोडले काय, कधी नको तेथे घाण केली काय? मग लबाड का म्हणालास? दुसऱ्या खेपेला दोन हजारांची पैज लागली, मालकाने पाठीवर हात फिरवून भल्या शब्दाने हाक दिली आणि शंभर गाड्या हलल्या. आपण शेतकरी माणसे. पोळ्याच्या दिवशी बैलाला मारत नाही, शिवी देत नाही, पुरणपोळी चारतो. दुसऱ्या दिवशी वखराला जुंपला की त्याच्या आईचा उद्धार सुरू. ज्याची आई आपणच विकत आणली होती!

येथे आईचा विषय निघाला म्हणून मुख्य मुद्द्याकडे येतो. पुरुष पुरुषाशी भांडतो, पण शिवी बसते ती तेथे नसलेल्या बाईला. आई, बहीण, बायको. 'आयला', 'मायला', 'च्यायला' हे शब्द आपण ठेच लागली तरी म्हणतो. ते मूळ 'तुझ्या आईला' या लांब शिवीचे झिजलेले तुकडे आहेत हे उच्चारताना कोणाच्या मनातही नसते. आपल्या मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाची राजवट आणि कारभार उर्दूत. नालायक, बदमाश, हरामखोर हे फारशी-अरबी मुळांचे शब्द आपल्या तोंडी पक्के बसले. पण ते निदान समोरच्या माणसाविषयी आहेत! बायकांच्या जुन्या शिव्या ऐका. मुडदा बसला, तळपट झालं, पटकी आली. त्या रोगाच्या आणि मरणाच्या आहेत. पुरुषाच्या शिव्या बाईच्या देहाच्या आहेत. पटकी म्हणजे कॉलरा. तो आता फारसा राहिला नाही, तशी ती शिवीही मावळत चालली. बाईच्या देहावरची शिवी मात्र मावळायचे लक्षण दिसत नाही.

समाजाने शिवीला वर्षातून एखादा दिवस मोकळीकही दिलेली आहे. शिमग्याची बोंब सर्वांना ठाऊक आहे. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना हातवारे करून शिव्या देतात. त्याला 'बोरीचा बार' म्हणतात. वर्षभर तोंड दाबून बसलेल्या बायकांना एक दिवस तोंड उघडायची परवानगी, असे आम्ही याकडे पाहतो. पुरुषांना अशी परवानगी लागत नाही, त्यांचा बार रोज असतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातील सौंदाळा गावच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठराव केला की, आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड. आम्हाला ही बातमी वाचून आनंद झाला. दंडाने जीभ सुधारते काय, अशी शंका काढणारे पुष्कळ भेटले. सुधारत नसेलही. पण गावाने मिळून एका जागी बसून ही शिवी बाईला लागते असे लिहून काढले, हे आजवर किती गावांनी केले? आमची शंका निराळी आहे. पारावर दिलेली शिवी चार लोक ऐकतात, दंडही होईल. चुलीपुढे दिलेली कोण ऐकणार आणि कोण सांगणार?

कायद्याचे थोडे बोलतो, कारण विद्यार्थ्यांना ते माहीत असावे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, ३० जानेवारी १९९० पासून लागू. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, लोकांच्या नजरेसमोर जातीच्या नावाने शिवीगाळ करणे हा स्वतंत्र अपराध म्हणून लिहिला गेला. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. 'लोकांच्या नजरेसमोर' हे शब्द महत्त्वाचे. चार भिंतींच्या आत, साक्षीला कोणी नसताना झालेला प्रकार त्यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हितेश वर्मा प्रकरणात म्हटले. म्हणून साक्षीदारांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत. दुसरीकडे, मार्च २०२४ मध्ये एका वेब मालिकेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की नुसती शिवराळ भाषा म्हणजे कायद्यातील अश्लीलता नव्हे. विद्यार्थ्यांनी या निकालाचा अर्थ 'शिव्या चालतात' असा लावून घेऊ नये. एवढेच की, घाण वाटणे आणि अश्लील असणे यांत कायदा फरक करतो.

आणि त्या बाईचे उत्तर? ते आम्हाला तेव्हा ठाऊक असायला हवे होते. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात हिंसा म्हणजे केवळ मार नव्हे. अपमान, टिंगल, नावे ठेवणे, आणि विशेषतः मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून टोचून बोलणे, हे सर्व तोंडी व मानसिक छळ म्हणून त्यात लिहिलेले आहे. येथे चार भिंतींची अडचण नाही, कारण हा कायदाच चार भिंतींच्या आतला आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे ती तक्रार नोंदवता येते. 'वांझोटी' हा शब्द आपल्या वस्तीत किती सहज उच्चारला जातो ते आपल्याला ठाऊक आहे. समोर बसलेल्या भगिनी खाली का पाहत आहेत तेही आम्हाला कळते.

नंतर आम्ही त्या बाईच्या घरी जाऊन हे सांगून आलो. ती म्हणाली, "तक्रार नाही करायची काका. तेव्हा तुम्ही त्यांला एक शब्द बोलले असते तरी पुरलं असतं." तिचा नवरा तेथेच होता. तो काही बोलला नाही, आम्हीही फार बसलो नाही. त्याचा खटला न्यायालयात चालू आहे, आणि त्या कामी आम्ही अजूनही त्याच्याबरोबर जातो. ते सोडण्याचा प्रश्न नाही.

शेवटी एक माहिती देऊन थांबतो. रविवारच्या धम्मवर्गातील मुलांना आम्ही सांगितले की, आठवडाभरात घरात किंवा गल्लीत जे शब्द ऐकून वाईट वाटले ते चिठ्ठीवर लिहून डब्यात टाका, नाव घालू नका. पाचवीतल्या एका मुलाने उभे राहून विचारले, "गुरुजी, च्यायला धरायचं का?" वर्ग हसला. आम्ही म्हणालो, तुला वाईट वाटत असेल तर धर. तो विचार करून म्हणाला, "कोण म्हणतं त्याच्यावर हाय." डबा भरला आहे आणि विहाराच्या कपाटात कुलपात ठेवला आहे. तो पालकांच्या सभेत उघडून वाचावा की नाही यावर कार्यकारिणीत एकमत झालेले नाही. काही सभासदांचे म्हणणे असे की त्याने घरोघरी भांडणे लागतील. आमचे मत उघडावा असे आहे. पुढील बैठक पौर्णिमेला सायंकाळी सात वाजता आहे. ज्यांना या बाबतीत काही सांगावयाचे असेल त्यांनी, विशेषतः भगिनींनी, अवश्य उपस्थित राहावे. जयभीम.